पॅच टाकला, पण जुनी प्रत कुठे आहे?

आज पॉवरशेलबद्दल बोलूया, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: पॅच टाकला म्हणजे नेमकं काय झालं?

उदाहरण ऑक्टोबर २०२१ चं घेतो. मायक्रोसॉफ्टने ॲडमिन मंडळींना सांगितलं, पॉवरशेल ७.० असेल तर ७.०.८ वर जा, ७.१ असेल तर ७.१.५ वर. एक मुख्य कारण होतं सीव्हीई-२०२०-०९५१. प्रकार: सिक्युरिटी फीचर बायपास.

बायपास कशाचा? विंडोजमध्ये एक सोय आहे, तिचं तेव्हाचं नाव डब्ल्यूडॅक, म्हणजे विंडोज डिफेंडर ॲप्लिकेशन कंट्रोल. सोसायटीच्या गेटवर यादी असते ना, नाव असेल तरच आत, तसंच. यादीबाहेरचा कोड चालत नाही. यादीबाहेरच्या स्क्रिप्टला पॉवरशेल अगदी मोजक्याच गोष्टी करू देतं. पण या दोषामुळे पॉवरशेलमधूनच मंजूर नसलेला कोड चालवता येत होता. पॉवरशेल तर मायक्रोसॉफ्टचंच, यादीत मानाने बसलेलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा.

आता एक आक्षेप नेहमी येतो. हा दोष वापरायला ॲडमिनचे अधिकार लागतात. मग ॲडमिनच झाला की उरलं काय? उरतं, बरं का. डब्ल्यूडॅक लावतात ते याच भरवशावर, की पासवर्ड फुटला तरी परका कोड चालू नये. धोरण नीट सही केलेलं असेल, तर ॲडमिनलाही ते सहज काढता येत नाही. तो भरवसाच जर पोकळ निघाला, तर हॉस्पिटलच्या बिलिंग मशीनवर काय चालेल, याची खात्री कोण देणार?

एक्झिक्युशन पॉलिसीशी याची गल्लत करू नका. ती नुसती पाटी आहे, 'चुकून स्क्रिप्ट चालवू नका' सांगणारी. कमांड देतानाच 'बायपास' लिहिलं की ती बाजूला होते, आणि मायक्रोसॉफ्टही तिला सुरक्षेची भिंत मानत नाही. पाटी ओलांडली तर पॅच येत नाही. भिंतीला भोक पडलं तर येतो.

आता खरी मेख. विंडोजबरोबर येतं ते विंडोज पॉवरशेल ५.१, आणि ते विंडोज अपडेटमधून सुधारतं. पॉवरशेल ७ आपण वेगळं बसवतो, आणि ते ५.१ ची जागा घेत नाही, शेजारी राहतं. २०२१ च्या त्या ऑक्टोबरमध्ये ७ साठीचा पॅच हाताने बसवावा लागत होता. म्हणजे विंडोज अपडेट म्हणतंय 'सगळं अद्ययावत', आणि शेजारचं ७ तसंच भोकासकट! मायक्रोसॉफ्ट अपडेटमधून ७ सुधारायची सोय ७.२ पासून आली, तीही एमएसआयने बसवलं असेल तर. झिप फाइल उघडून ठेवलेली प्रत कोणीही सुधारत नाही.

आणि हल्लेखोर नवी प्रत कशाला वापरेल? त्याला जुनीच हवी. पॉवरशेल २ चंच बघा. त्यात ना स्क्रिप्ट अँटिव्हायरसला दाखवायची सोय, ना स्क्रिप्टमधल्या कोडची सविस्तर नोंद. मशीनवर ते आणि जुनं डॉटनेट असेल, तर 'मला आवृत्ती २ दे' एवढं म्हटलं की नव्यातली पाळत चुकवता येत असे. २०१७ मध्येच ते कालबाह्य ठरवलं गेलं, पण विंडोज ११ मधून काढायला २०२५ उजाडलं.

तर उद्या ऑफिसात गेलात की तीन गोष्टी करा. एक, नुसतं 'पॉवरशेल' उघडून आवृत्ती बघू नका; 'पीडब्ल्यूएसएच' नावाची फाइल सगळ्या डिस्कवर शोधा, झिपमधून काढलेल्या प्रती आणि बिल्ड सर्व्हरसुद्धा. दोन, ७.० आणि ७.१ दिसलं तर त्यांचा सपोर्ट २०२२ मध्येच संपलाय. पॅच शोधत बसू नका, सपोर्ट असलेल्या आवृत्तीवर जा. तीन, जुन्या प्रती काढून टाका. डब्ल्यूडॅक वापरत असाल तर धोरणातच जुन्या आवृत्त्यांना मज्जाव करा, म्हणजे कोणी बाहेरून जुनी फाइल आणून ठेवली तरी चालणार नाही.

नवं बसवणं हे अर्धं काम झालं. जुनं मशीनवरून जातं, तेव्हा पॅच पूर्ण होतो.