कळांची पारख

आठवा महिना सरता सरता गर्भिणीचे पोट एकाएकी कडक होते, क्षणभर आवळून येते आणि पुन्हा सैल पडते. रात्री सासूला उठवावे की नाही, या संकोचात पहिलटकरीण पहाटेपर्यंत जागत राहते. इंग्रज वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये वर्णिलेली आकुंचने बहुधा हीच. लोक त्यांना खोट्या कळा म्हणतात. शब्द जरा अन्यायाचाच. गर्भाशय खरोखर आकुंचन पावत असते, केवळ त्याचे मुख उघडत नसते.

खऱ्याखोट्याची पारख वेदनेच्या जोरावरून करू नये. घड्याळ हाती घ्यावे. एका कळेच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंतची मिनिटे मोजावीत. खोटी कळ लहरी असते. पाणी प्यायले, लघवी करून कुशीवर निजले, की ती बहुधा मावळते. खरी कळ विश्रांतीला जुमानत नाही. तिचे अंतर घटत जाते, जोर वाढतो, आणि पुष्कळदा ती कमरेतून निघून पोटाकडे येते.

मात्र मोजत बसण्याची ही सवड ३७ आठवडे पुरे झालेल्या स्त्रीची. त्यापूर्वी दहा-दहा मिनिटांनी कळ येऊ लागली, तर खात्रीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे गर्भाशयाचे मुख तपासता येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारी इंजेक्शने आईला वेळेवर देता येतात. अंगावरून पाणी वा रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर महिना कोणताही असो, घड्याळ बाजूला ठेवावे आणि निघावे.