डॉ. कोटणीसांचे गाव आणि निवासी डॉक्टरांचे तास
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



सोलापुरात वैद्यकीय सेवेविषयी बोलावयाचे, तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मरण ओघानेच येते. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते या नगरीत जन्मले. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. तशात १९३८ साली चीनला जाणाऱ्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात त्यांची निवड झाली. या पथकासाठी काँग्रेसने लोकवर्गणीतून सुमारे २२,००० रुपये जमविले होते. आम्ही हिशेबाची माणसे. हा आकडा आमच्या विशेष ध्यानात राहिला.

जाण्यापूर्वी त्यांनी घरची अनुमती मागितली. वडिलांनी उत्तेजन दिले; मुलगा इतक्या दूर जाणार म्हणून आईला दुःख झाले. पुढे वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना चीनमध्येच ऐकावी लागली. ते परतले नाहीत. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. शस्त्रक्रिया, अध्यापन आणि पाठ्यपुस्तकाचे लेखन ही कामे एकाच वेळी चालू होती. त्याच वर्षाअखेरीस परिचर्या क्षेत्रातील कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. पुत्र यिनहुआ तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. तोही वैद्यकाचा विद्यार्थी झाला आणि शिक्षण संपत आले असताना १९६७ मध्ये निवर्तला. त्यागाचा गौरव करताना ही घरे आपण सहसा मोजत नाही.

१९४० च्या एका लढाईत डॉ. कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. या गोष्टीचा उल्लेख आमच्याकडे वेगळ्याच प्रसंगी झाला. एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने सहकाऱ्यांच्या सह्यांचा अर्ज आमच्याकडे दिला. तिचे मूल तीन वर्षांचे, ते बार्शीला सासूबाईंपाशी, परीक्षा तोंडावर. अर्जात स्वतःसाठी सवलत मागितलेली नव्हती. सर्व निवासी डॉक्टरांना पाळीने साप्ताहिक सुटी लेखी मिळावी, एवढेच मागणे होते. सोबत नियम जोडले होते. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेनुसार सलग काम साधारणतः १२ तासांपेक्षा अधिक नसावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीतही वाजवी तास, दैनंदिन विश्रांती आणि साप्ताहिक सुटी यांची तरतूद आहे.

तेव्हा आमच्यातीलच एक ज्येष्ठ म्हणाले, “कोटणीसांच्या गावात डॉक्टरांनी तास मोजावेत?”

आमचे मत निराळे आहे. ते ७२ तास रणांगणावरचे होते. तेथे पाळी बदलावयास दुसरा डॉक्टर मिळणे सोपे नव्हते. सोलापुरात दुसरा डॉक्टर नेमता येतो, फक्त त्याचे वेतन द्यावे लागते. पहाटे तीन वाजता आपल्या वडिलांच्या सलाईनमध्ये औषधाची मात्रा ठरविणारा डॉक्टर किती तास जागा आहे, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाच्या मुलास आहे, असे आम्हांस वाटते. आणि हा प्रश्न अभ्यास व लेकरू सांभाळून एका विद्यार्थिनीने मांडला, म्हणून तो तिचा घरगुती प्रश्न ठरत नाही.

पाळीपत्रक आता दर महिन्याच्या आरंभी सूचनाफलकावर लावले जाते आणि त्यात प्रत्येकाची सुटी नोंदलेली असते. अडचण पैशाची आहे. यंत्रासाठी किंवा खाटेसाठी देणगी लवकर मिळते, कारण त्यावर नावाची पाटी बसते. रात्रपाळीच्या डॉक्टराच्या पगारावर पाटी कोठे बसवावी? तथापि १९३८ च्या त्या वर्गणीतूनही कोणाच्या नावाची इमारत उभी राहिली नव्हती.

रात्रपाळीसाठी दोन जादा वैद्यकीय अधिकारी आणि निवासी डॉक्टरांसाठी विश्रांतीची एक स्वतंत्र खोली, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. वेतनाचा खर्च दरवर्षीचा असल्याने त्यासाठी कायम निधी उभारावा, त्याचे मुद्दल गुंतवावे आणि केवळ व्याज खर्ची घालावे, अशी आमची नम्र विनंती आहे. सविस्तर अंदाजपत्रक कार्यालयात पाहावयास मिळेल.