पोटखराबा, आघात आणि इतर शब्द



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि कागदपत्रे हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, कधी कधी एक चौकट दिसते. वर लिहिलेले असते : पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी. खाली कंपनीचे नाव, इतके मेगावॉट, अमुक गाव, तारीख, वेळ. आपण ती चौकट ओलांडून क्रिकेटकडे जातो. आणि ज्यांच्या बांधाला लागून प्रकल्प येणार, त्यांच्या घरी बहुधा तो पेपर आलेलाच नसतो. आज त्या चौकटीविषयी बोलायचे आहे.

मी अभियंता नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तरी हे काम मला थोडेसे माझ्या वाटणीचे वाटते, कारण त्यात सगळा खेळ शब्दांचा आहे.

कायदा थोडक्यात सांगतो. मोठ्या प्रकल्पांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे आधी तपासण्याची सक्ती आपल्या देशात २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने आली. लोकांना विचारण्याची तरतूद १९९७ मध्ये जोडली गेली. १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना निघाली. तिच्यानुसार सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी ठेवायचा, सुनावणीचे चित्रीकरण करायचे आणि कामकाजाचा गोषवारा तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. मात्र गणपूर्तीची अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरतात. आणि अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराला पैसे देते ती प्रकल्प उभारणारी कंपनीच. लग्न जुळवणाऱ्याने मुलाकडच्यांचे जेवूनच मुलाचे गुण सांगावेत, तसला हा प्रकार.

अहवाल शेकडो पानांचा, बहुधा इंग्रजीत. मराठीत असतो तो सारांश. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावच्या मुलांनी मला असा सारांश वाचून दाखवायला बोलावले होते. कविता लिहितो म्हणजे अवघड शब्दांचे अर्थ ठाऊक असणार, अशी त्यांची भाबडी समजूत. मारुतीच्या देवळासमोर बसलो. 'शमन उपाययोजना' हा शब्द मी वाचला आणि पुढे बसलेल्या एका आजींनी विचारले, "हे कुठल्या दुखण्यावरचं औषध म्हणायचं?" लोक हसले. मला मात्र प्रश्न अगदी नेमका वाटला. दुखणे कोणते, ते त्या सारांशात कुठेच धड लिहिलेले नव्हते. औषध तेवढे पानभर होते.

त्या आजींच्या घरी कन्नड बोलतात. आमच्या सोलापुरात पूर्वभागातल्या विणकरांच्या गल्लीत तेलुगू, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे कन्नड, आमच्या मोहल्ल्यात दखनी, आणि बाजारात सगळ्यांची मिळून मराठी. कायदा 'स्थानिक भाषा' असे एकवचनी लिहून मोकळा होतो.

मूल्यांकनाच्या नावातच पाहा. मराठीत कुणी त्याला 'आघात मूल्यांकन' म्हणते, कुणी 'प्रभाव मूल्यांकन'. आघात म्हणजे घाव. प्रभाव म्हणजे मराठी कानाला भारदस्त, चांगलेच काहीतरी. एखाद्या वक्त्याचा पडतो तो प्रभाव. राखेचा पडतो तो कसला?

दुसरा शब्द 'पडीक'. सातबारावर 'पोटखराबा' म्हणून जी जमीन दाखवलेली असते, ती अहवालात पडीक होऊन येते. पण आमच्याकडचा माळ म्हणजे मेंढ्यांचा चारा, गवताची गंजी, पावसाळ्यात ससे-तितरांची वस्ती. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून अशाच माळावर आहे. ज्याला कागदाने निकामी म्हटले, त्या गवतासाठी हा पक्षी येत होता.

कोकणातही तेच झाले. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी घेतलेली बरीचशी जमीन सरकार नापीक म्हणत होते, आणि गावकरी आंब्या-काजूच्या बागा दाखवत होते. १६ मे २०१० ला माडबनला सुनावणी झाली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने केलेला अहवाल मराठीतून वेळेवर मिळाला नाही, बहुतेक ग्रामपंचायतींपर्यंत तो पोचलाच नाही, ही तिथल्या लोकांची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ३५ अटी घालून मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ ला नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. साखरी नाट्याची बंदरवस्ती माझ्याच समाजातल्या मच्छीमारांची. त्यांचे म्हणणे साधे होते : जमिनीची मोजणी झाली, आमचा दर्या कुणी मोजला? भट्टीतून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल, हे त्यांना त्यांच्या बोलीत कुणी समजावलेच नाही. अणुभट्टी अजून उभी राहिलेली नाही. तो मुलगा मात्र परत येणार नाही.

आता आपल्या अंगणात या. होटगीच्या पलीकडे फताटेवाडी-आहेरवाडीच्या माळावर एनटीपीसीचे औष्णिक केंद्र आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच, २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झालेले. कोळसा रेल्वेने, पाणी उजनीचे. अहवालात आकडे असतात, पण ते घरगुती मापात आणून पाहायची आपल्याला सवय नाही. दोन्ही संच पूर्ण भाराने दिवसभर चालले, तर सुमारे ३ कोटी १६ लाख युनिट वीज होते. युनिटमागे साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला वीस हजार टन. देशी कोळशातला साधारण तिसरा हिस्सा राख. म्हणजे रोजची सहा-सात हजार टन राख. नव्या केंद्रांना एका मेगावॉट-तासामागे ३ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. त्या मापाने दिवसाचे साडेनऊ कोटी लिटर. संच रोज पूर्ण भाराने चालत नाहीत, हे मान्य. तरीही वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहणाऱ्या शहराने हा हिशेब बांधकामाआधी मांडायला हवा होता. शहरापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, हे धोरण २०१६ मध्ये आले. त्याआधी पाया खणून झाला होता.

चिमणी उभी राहिल्यावरचे भांडण किती महाग पडते, हे सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या चिमणीचे आणि विमानतळाचे भांडण वर्षानुवर्षे चालले. जून २०२३ मध्ये ती काही सेकंदांत आडवी झाली. धुरळा खाली बसला, राग अजून बसलेला नाही.

२०२० मध्ये केंद्राने २००६ ची अधिसूचना बदलण्याचा मसुदा काढला. त्यात तीस दिवसांचे वीस करायचे होते. तो मसुदा आधी हिंदी-इंग्रजीतच होता. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत त्याचे भाषांतर करायला सांगितले. भाषेच्या प्रश्नावर न्यायालयाला बोलावे लागले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता जिल्ह्यात सौर आणि पवन वीज येते आहे. ती यावी, कोळशाची राख मला प्रिय नाही. पण सौर पॅनेलच्या आणि पवनचक्कीच्या प्रकल्पांना हे मूल्यांकनच लागू नाही, म्हणून जनसुनावणीही नाही. शेकडो एकर माळाला कुंपण पडते, मेंढपाळाची वाट बंद होते, आणि विचारायला जागा उरते ती ग्रामसभेची. तिथे आपण जातो का?

मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाचे दप्तरही बंद होत नाही. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. बहुधा इंग्रजीतच असतो. गावात एखादी मुलगी अकरावी-बारावीला असेल, तर तिला शेजारी बसवावे, आणि राख, पाणी, धूर हे तीन मथळे आधी उघडायला सांगावेत. प्रत्येक आकड्यापुढे तिला आपल्या विहिरीचे, आपल्या टाकीचे माप लिहायला लावावे. आणि आजी काही विचारत असतील, तर आधी त्यांचे ऐकावे.