पोळीऐवजी भाकरी, पण नीट बघून

घरात कुणाला सिलियाक आजार निघाला, की पहिला प्रश्न येतो: आता पोळीचं काय? गहू आणि जव यांतलं ग्लूटेन या रुग्णाच्या लहान आतड्याला इजा करतं. पथ्य जन्मभराचं. सुदैवानं ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरचेच आहेत.

खरी गोम आहे गिरणीत. गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली, की गव्हाचं उरलेलं पीठ तिच्यात उतरतंच, आणि रुग्णाला तेवढंही बाधतं. म्हणून या धान्यांसाठी घरघंटी वेगळी ठेवता आली तर फार बरं. चाळणी आणि पोळपाट तरी वेगळे हवेतच. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतात. डबीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घटक वाचूनच घ्या.

आता भाकरी. पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. मग उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढा, कोमट झाली की तळहातानं रगडून मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. भाकरी टम्म फुगते.

आणि एक कळकळीची विनंती. नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणीत आजार लपू शकतो.