पट्टा ओरडतो, दोष कुणाचा?

आजचा विषय जुन्या गाडीचा फॅनबेल्ट. सकाळी स्टार्टर मारला की चीं करून अख्ख्या सोसायटीला उठवतो ना, तोच.

माझ्या गाडीला मी दोनदा नवा पट्टा घातला. आवाज तसाच! ओरडत होता पट्टा, पण जाम होत होतं अल्टरनेटरचं बेअरिंग.

म्हणून आधी ऐका. हेडलाइट, एसी लावल्यावर आवाज वाढला, तर पट्टा घसरतोय. मग इंजिन चालू असताना जरा लांबूनच पट्ट्यावर थोडं पाणी फवारा. ओढणी, बाही, हात दूर हं! आवाज वाढला तर पट्टा ढिला असणार. क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत आहेत का ते बघा.

आता इंजिन बंद करून, गार झाल्यावर पट्टा काढा. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली हलली, की बेअरिंग गेलं समजा. पट्ट्यावर तेल दिसलं, तर आधी गळती बंद करा.

साबण, ग्रीस लावू नका. आवाज दबतो, दुखणं राहतं. आणि पट्टा वाजवीपेक्षा ताणलात, तर चांगलं बेअरिंगही जाईल.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हाच पट्टा वॉटर पंप फिरवतो. घाटात तुटला, तर आधी बॅटरीचा लाल दिवा, मग तापमानाचा काटा वर. तिथेच थांबा. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणालात, तर ती घाई हेड गॅस्केटवर जाऊ शकते.

भेटू पुढच्या भागात!