इंत्रुजाचा उंबरठा
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



इंत्रुजाचे दिवस आले म्हणजे पणजी शहराचे रूपच पालटते. शनिवारी मोमो राजा आपल्या चार दिवसांच्या राज्याची द्वाही फिरवितो. मागोमाग चित्ररथ, वाजंत्री आणि मुखवटे. चित्ररथांची ही मिरवणूक १९६५ पासूनची. जुन्या काळी लोक एकमेकांवर पीठ नि रंगीत पाणी उडवीत. मंगळवारच्या नृत्यात तांबडी-काळी वस्त्रे झळकतात, आणि राज्य संपते.

बुधवारी तेच रस्ते झाडले जातात. आदल्या दिवशी नाचलेली माणसे माता मरियेच्या पांढऱ्या देवळाच्या पायऱ्या चढून कपाळी राख घेतात. ती राख गतवर्षीच्या झावळ्यांची असते.

कित्येक ह्या सणास नुसती चैन म्हणून नावे ठेवतात. आम्हांस ते रुचत नाही. 'इंत्रुज' ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'प्रवेश'. तो उपासकाळाचा उंबरठा होय. उंबरठ्यावर क्षणभर हसावे, खेळावे. परंतु तेथेच बिऱ्हाड करू नये. बुधवार विसरलेला मंगळवार म्हणजे घरावाचून दरवाजा!

उद्या आपल्या महोत्सवाचा हा मंडपही उतरेल. त्यानंतर आपण कोठे प्रवेश करणार, एवढेच आज आपण मनास विचारू या.