कृष्णाकाठचे पाखंड



ग्रीक तत्त्वचिंतन आणि धर्मातील पाखंड यांच्या संबंधाचा ऊहापोह करण्यासाठी सातारा-सांगलीच्या मुलखातून व दूरदूरच्या विद्यापीठांतून आपण वाईक्षेत्री आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

इ. स. पू. ३९९ मध्ये नगराचे देव न मानल्याच्या आणि तरुणांना बिघडविल्याच्या फिर्यादीवरून ज्या अथेन्सने सॉक्रेटिसाला विष प्यावयास लावले, त्याच अथेन्सची विद्या पुढे ख्रिस्ती धर्मरक्षकांच्या दप्तरी पाखंडाची गंगोत्री म्हणून नोंदली गेली. तिसऱ्या शतकात रोमच्या हिप्पोलिटसाने पाखंडमतांच्या खंडनार्थ प्रचंड ग्रंथ रचला. त्यातील सारा अट्टाहास हाच, की पाखंडी मनुष्य आपले मत धर्मग्रंथातून काढीत नाही, ते ग्रीकांकडून उसने आणतो. परंतु खंडनासाठी त्याने ग्रीक तत्त्वचिंतक हेराक्लिटसाची जी वचने उतरून घेतली, त्यांपैकी कित्येक केवळ त्याच्याच ग्रंथात तगून राहिली. आपल्याकडे चार्वाकमताची हकीकतही बव्हंशी माधवाचार्यांसारख्या प्रतिपक्षीयांच्या ग्रंथांतूनच आपल्या हाती आली आहे.

उसनेपणाचा हाच आरोप येथून खाली कृष्णाकाठीच, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या समाजसुधारक आगरकरांवर आला. मिल्ल-स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वचिंतक वाचून बाटलेला म्हणून पुण्यात त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. त्या अन्यायाचे शल्य मला आजही आहे. पण मिल्लचे नाव पुढे करण्याची सोय जेथे मुळीच नव्हती, अशी शाळा याच वाईत होती. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत पूर्वमीमांसा, न्याय आणि वेदान्त यांचे पारंपरिक अध्ययन करूनच लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले. त्याच शास्त्राधारे अस्पृश्यतेला धर्माची संमती नाही असे त्यांनी प्रतिपादिले, १९३३ मध्ये महात्मा गांधींचे पुत्र देवदास यांचा प्रतिलोम, म्हणजे वधू वरच्या वर्णाची असलेला, विवाह लावला, आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहून धर्मसंस्थेलाच बुद्धीच्या न्यायासनापुढे उभे केले. त्या ग्रंथाला पाश्चात्त्य विचाराचे साह्य अवश्य होते; तथापि पूर्वपक्ष निःशेष मांडून मगच उत्तरपक्ष करण्याची शिस्त वाईच्या पाठशाळेतली होती. म्हणून माझे नम्र मत असे आहे, की परक्या विद्येने पाखंडाला धार येत असेल, परंतु त्याचे पोलाद बहुधा घरच्याच ग्रंथांच्या कसून केलेल्या अध्ययनात सापडते, आणि ग्रीसविषयीही हिप्पोलिटसाचा निवाडा याच दृष्टीने पुन्हा तपासला जावा.

निबंधवाचकांनी या मताचे निःसंकोच खंडन करावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.